शाळेतला बाल बाजार: मुलं भाजी विकतात, पण गणित शिकतात का?

शाळेच्या मैदानावर चादरी अंथरलेल्या. त्यावर मेथीच्या जुड्या, टोमॅटोचे ढीग, घरून करून आणलेली भेळ, चिंचेच्या गोळ्या. मागे टोपी घालून किंवा साडी नेसून बसलेली तिसरी-चौथीतली मुलं मोठमोठ्याने ओरडतायत, "घ्या दहाला दोन, घ्या ताजी!" समोर गिऱ्हाईक म्हणून उभे त्यांचेच आई-वडील, आजोबा, अंगणवाडी ताई, सरपंच.

हे रील तुम्ही पाहिलं असेलच. बाल आनंद मेळावा, बाल बाजार, आठवडी बाजार अशा वेगवेगळ्या नावांनी महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या आणि खासगी प्राथमिक शाळांत दरवर्षी, विशेषतः हिवाळ्यात, असे कार्यक्रम होतात. व्हीडिओखाली एक वाक्य बहुतेक वेळा असतंच, "मुलांना व्यवहारज्ञान मिळालं."

पण खरंच मिळतं का? आणि मिळालं, तर त्याचा वर्गातल्या गणिताला काही उपयोग होतो का? आई-वडील शाळेत आले म्हणजे मुलाच्या शिकण्यात त्यांचा सहभाग झाला, असं म्हणता येईल का?

या प्रश्नांवर गेल्या काही वर्षांत भारतातच महत्त्वाचं संशोधन झालं आहे. त्याची उत्तरं रीलमधल्या वाक्याइतकी सोपी नाहीत.

हा प्रश्न आत्ता का महत्त्वाचा आहे?

'असर' हे देशातल्या ग्रामीण मुलांचं घरोघरी जाऊन केलं जाणारं सर्वेक्षण. त्याचा 2024 चा अहवाल जानेवारी 2025 मध्ये आला. त्यानुसार ग्रामीण भारतात तिसरीत शिकणाऱ्या 33.7 टक्के मुलांना वजाबाकी येत होती. 2022 मध्ये हेच प्रमाण 25.9 टक्के होतं. म्हणजे सुधारणा झाली, पण अजूनही तीनपैकी जेमतेम एका मुलाला वजाबाकी येते. ही वजाबाकी दोन अंकी, हातच्याची असते.

केंद्र सरकारच्या 'परख' या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निकाल 2025 मध्ये जाहीर झाले. त्यात शहरी आणि ग्रामीण, सरकारी आणि खासगी अशा सगळ्या शाळा होत्या. तिसरीच्या 55 टक्के मुलांना 99 पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या. सहावीच्या 53 टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे आणि त्यावरच्या क्रिया येत होत्या.

ही घसरगुंडी थांबवण्यासाठी 5 जुलै 2021 रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू झालं. तिसरी पूर्ण करेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं, हे त्याचं ध्येय. मुदत 2026-27. म्हणजे वेळ फारसा उरलेला नाही.

या ध्येयापर्यंत जाण्याचे दोन रस्ते सरकारी कागदपत्रांत वारंवार सांगितले जातात. एक, मुलांना हाताने, कृतीतून शिकवा. दोन, पालकांना सोबत घ्या. बाल बाजारात हे दोन्ही एकत्र दिसतं, म्हणूनच तो तपासून पाहायला चांगला आहे.

ही कल्पना कुठून आली?

हाताने शिकण्याचा विचार नव्या शैक्षणिक धोरणासोबत आला, असा अनेकांचा समज आहे. महाराष्ट्रात त्याची मुळं खूप जुनी आहेत.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सूतकताई, शेती यांसारख्या उत्पादक कामाच्या आधाराने भाषा, गणित, समाजशास्त्र शिकवायचं, अशी 'नई तालीम'ची मांडणी तिथे झाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा तयार केला. काम हे शिक्षणाचं साधन आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा. सूत किती निघालं, किती वेळ लागला, किती वाया गेलं, हे मोजता मोजता गणित यायला हवं होतं.

1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. मग बिया, खडे, शिंपले, पानं यांचीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. तिथूनच 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली गेली, ती 'कुरणशाळा'.

अंगणात शाळा गेली, तेव्हा घरातली माणसंही शिक्षणाच्या आवारात आपोआप आली. त्यासाठी वेगळा 'पालक सहभाग कार्यक्रम' घ्यावा लागला नाही.

कायद्यातही हे दोन्ही मुद्दे आहेत. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 सांगतं की मुलांनी कृती, शोध आणि अन्वेषण यांतून, बालकेंद्री पद्धतीने शिकावं. कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. 29 जुलै 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवातून शिकण्यावर भर दिला. सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याची शिफारस त्यात आहे. महाराष्ट्रात 2024 मध्ये 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही आला.

थोडक्यात, कल्पना जुनी आहे आणि कायद्याचं बळही आहे. प्रश्न आहे तो परिणामाचा.

बाजारातलं गणित वहीत उतरतं का?

फेब्रुवारी 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांची त्यांनी पाहणी केली.

पद्धत सोपी होती. संशोधक साधे गिऱ्हाईक बनून गेले आणि मुद्दाम अवघड मापात वस्तू मागितल्या. उदाहरणार्थ, 20 रुपये किलोचे 800 ग्रॅम बटाटे आणि 15 रुपये किलोचे 1 किलो 400 ग्रॅम कांदे. बटाट्याचे 16, कांद्याचे 21, एकूण 37 रुपये. गिऱ्हाइकाने 200 ची नोट दिली, तर परत 163.

जवळपास सगळ्या मुलांनी असे हिशेब कागद-पेन्सिल न वापरता, डोक्यात आणि बरोबर केले.

मग त्याच मुलांना शाळेतल्यासारखी उदाहरणं दिली. संदर्भ नाही, फक्त अंक आणि चिन्हं. ही उदाहरणं बाजारातल्या हिशेबाइतकीच किंवा त्याहून सोपी होती. तरीही ती मुलांना जमली नाहीत.

यात दुसरीही बाजू आहे. जवळच्या शाळांत शिकणाऱ्या, पण बाजारात कधी न बसलेल्या 471 मुलांचीही चाचणी झाली. त्यांना अंकांची सोपी उदाहरणं तुलनेने बरी आली. पण बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी सोडवला, तो शाळेतल्या फक्त 1 टक्का मुलांना जमला.

म्हणजे बाजारातलं गणित वहीत आपोआप उतरत नाही, आणि वहीतलं गणितही बाजारात आपोआप चालत नाही.

हा अभ्यास पोटासाठी काम करणाऱ्या मुलांचा आहे. शाळेच्या मैदानावर एक दिवस दुकान मांडणाऱ्या मुलांचा नाही. शिवाय मुलांनी बाजारात काम करावं, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. पण बाल बाजाराबद्दल तो एक थेट प्रश्न विचारायला लावतो. रोज भाव-माप करणाऱ्या मुलांचंही कौशल्य वर्गापर्यंत पोहोचत नसेल, तर वर्षातून एकदा दोन तास मेथी विकून ते कसं पोहोचेल?

असं का होतं?

200 वजा 37, हेच उदाहरण घेऊ.

भाजीवाली मावशी हा हिशेब कसा करते? ती वजाबाकी करतच नाही. ती 37 पासून पुढे मोजत जाते. तीन दिले की चाळीस. साठ दिले की शंभर. वर आणखी एक शंभराची नोट. झाले दोनशे. हातात 163 रुपये.

वहीत काय होतं? शून्यातून सात जात नाहीत. शेजारून हातचा घ्या. शेजारीही शून्यच. मग त्याच्या शेजारून घ्या. दोनाचा एक करा, शून्यावर दहा लिहा, त्याचे पुन्हा नऊ करा. ज्या मुलाला हे सगळं का करायचं हे कळलेलं नाही, त्याच्यासाठी ती नुसती खाडाखोड असते.

दोन्ही रीती बरोबर आहेत. पण त्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत. वरचा नऊ आणि शेजारचा दहा म्हणजे गल्ल्यातल्या नोटा आणि नाणी, हे कुणीतरी दाखवल्याशिवाय मुलाला दिसत नाही.

दाखवायचं कसं? शंभराच्या दोन नोटा घ्या. त्यातली एक मोडून दहाच्या दहा नोटा करा. त्यातली एक दहाची मोडून एकेक रुपयाची दहा नाणी करा. आता हातात काय आहे? एक शंभर, नऊ दहा आणि दहा सुटे. त्यातून तीन दहा आणि सात सुटे काढून द्या. उरतं एक शंभर, सहा दहा, तीन सुटे. वहीतला हातचा म्हणजे हीच मोड.

बाल बाजारात मुलाच्या हातून मोड निघतेच. पण त्याच आठवड्यात वर्गात बसून ती मोड वहीत मांडली, तरच तो अनुभव गणित होतो. नाहीतर तो छान अनुभवच राहतो. आनंद म्हणून त्याची किंमत आहेच, पण वजाबाकी तिथली तिथेच राहते.

दिल्लीतल्या बालवाड्यांत झालेल्या आणखी एका प्रयोगातून हेच दिसलं होतं. 2017 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. सुमारे दीड हजार मुलांसोबत काही महिने गणिताचे खेळ खेळले गेले. कमी-जास्त ओळखणं, आकारांतला फरक ओळखणं यात मुलं सुधारली आणि ती सुधारणा टिकलीही. पण पुढे शाळेत अंक आणि चिन्हांच्या गणितात त्यांना इतर मुलांपेक्षा फायदा झाल्याचं दिसलं नाही. खेळ कामी आला, पण खेळापासून अंकापर्यंतची पायरी त्यात नव्हती.

मग बाजार भरवायचा कसा?

बाजार बंद करा, असा याचा निष्कर्ष निघत नाही. बाजाराच्या आधी आणि नंतर काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे.

बाजाराआधी: मुलांनी घरी विचारून यायचं की मेथीची जुडी कितीला पडली, भेळेच्या सामानाला किती खर्च आला. त्यावरून भाव मुलांनीच ठरवायचा. वीस रुपयांचं सामान घालून पंधरा रुपयांची विक्री झाली तर काय होईल, हा प्रश्न वर्गात आधीच यायला हवा.

बाजारात: प्रत्येक दुकानावर एक कागद. काय विकलं, कितीला, गिऱ्हाइकाने किती दिले, परत किती केले. एक मूल विकेल, दुसरं लिहील, मग अदलाबदल. इथे मोठ्या माणसांचा मोह आवरावा लागतो. बऱ्याच व्हीडिओंत दुकानामागे आईच हिशेब करताना दिसते आणि मूल फक्त पिशवी देतं.

बाजारानंतर: हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त वेळा गळणारा भाग. दुसऱ्या दिवशी तेच कागद वर्गात उघडायचे. "चाळीसला तीन, शंभरला साठ" हे तोंडी बोल फळ्यावर लिहायचे. मग त्याच शेजारी उभी वजाबाकी मांडायची. दोन्हीचं उत्तर एकच का येतं, हे मुलांनाच सांगायला लावायचं. चुकलेले हिशेबही वाचायचे, कारण कुठे चुकलं हे शोधताना मुलं सर्वांत जास्त बोलतात.

अपूर्णांकांसाठी तर मराठी घरात आयता खजिना आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द शाळेत जाण्याआधीच मुलाच्या कानावर असतात. जुन्या पिढीतले आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ म्हणून दाखवतात. पण पाचवीच्या वर्गात 3/4 आलं की त्याच मुलाला ते परकं वाटतं. पाऊण किलो म्हणजे किलोच्या चार भागांतले तीन भाग, हे तराजूवर एकदा करून लगेच लिहिलं, तर अपूर्णांकाची भीती बरीच कमी होऊ शकते.

पालकांचा सहभाग म्हणजे नेमकं काय?

इथेही संशोधन आणि व्यवहार यांत अंतर आहे.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 280 गावांत एक प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा गावोगावी ग्रामशिक्षण समित्या कागदोपत्री होत्या. पण बहुतेक पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हतं. समितीच्या काही सदस्यांनाही आपण सदस्य आहोत याची कल्पना नव्हती.

संशोधकांनी बैठका घेतल्या, समितीचे अधिकार समजावले, मुलांची वाचनपातळी कशी तपासायची हे गावकऱ्यांना शिकवलं. त्यातून समित्या किंवा शाळा काही बदलल्या नाहीत. मात्र जिथे गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना मुलांचे वाचनवर्ग कसे घ्यायचे हे शिकवलं, तिथे वर्गाला येणाऱ्या मुलांचं वाचन सुधारलं.

लोकांना बैठकीत बोलावलं तर ते येतात आणि जातात. हाताला ठरावीक काम दिलं, तर ते करतात.

दुसरा प्रयोग आयांसोबतचा. बिहार आणि राजस्थानातल्या 480 गावांत तो झाला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत आयांसाठी साक्षरता वर्ग होते. काही गावांत आईने मुलासोबत घरी करायच्या छोट्या कृती दर आठवड्याला दिल्या गेल्या. काही गावांत दोन्ही. तिन्ही ठिकाणी मुलांच्या गणितात सुधारणा झाली. ती फार मोठी नव्हती, पण होती. आयांचं स्वतःचं शिकणंही वाढलं.

यातून कळतं की आईला लिहिता-वाचता येत नसेल तरी ती मदत करू शकते. पण हेही कळतं की घरातल्या मदतीला मर्यादा आहे. ती शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही.

महाराष्ट्रात काय चाललं आहे?

2022 पासून राज्यात पहिलीला दाखल होणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारी मेळावे होतात. शाळेत वेगवेगळे स्टॉल मांडलेले असतात: नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मूल उड्या मारतं, वस्तूंचं वर्गीकरण करतं, चित्र पाहून गोष्ट सांगतं. आई सोबत असते. मुलाला काय जमलं आणि काय नाही, हे विकासपत्रावर नोंदवलं जातं.

नंतर वस्तीवर आयांचे छोटे गट बनवले जातात. त्यातली एक 'लीडर माता'. गटाला कृतींची कार्डं मिळतात. घरातल्याच वस्तू वापरून करायच्या गोष्टी, जसं की बटाटे-कांदे वेगळे करणं, चमचे मोजणं, मोठ्यापासून लहानापर्यंत डबे लावणं.

या रचनेत एक गोष्ट नेमकी साधली आहे. आई इथे प्रेक्षक नाही. मुलाला काय येत नाही हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहते आणि पुढच्या आठवड्यात नेमकं काय करायचं हे तिला माहीत असतं. कागदावर तरी ही दिशा वर सांगितलेल्या प्रयोगांशी जुळते.

अडचण पुढे येते. मूल पहिलीत रुळलं की पालकांशी असलेलं हे नातं बहुतेकदा पुन्हा पालकसभा, स्नेहसंमेलन आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन थांबतं. तिसरीत हातच्याची वजाबाकी अडते, तेव्हा पुन्हा आईसाठी कार्ड नसतं.

कुणाचं कुटुंब, कुणाचा वेळ?

'पालकांचा सहभाग' म्हणताना डोळ्यांसमोर एक ठरावीक कुटुंब असतं. दुपारी शाळेत येऊ शकणारी आई, सामानाला शे-दोनशे रुपये खर्च करू शकणारे वडील. सगळ्यांचं घर तसं नसतं.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, त्यामुळे आई-वडील दोघंही गावात नसतात. काही मुलं त्यांच्यासोबत फडावर जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहतात. बाल बाजार भरतो तो नेमका याच महिन्यांत. त्या मुलाच्या चादरीवर काय मांडायचं आणि ते घ्यायला कोण येणार, याचा विचार शाळेने आधी करावा लागतो.

अशा शाळांत सोपा उपाय म्हणजे दुकानं घरवार न ठेवता गटवार ठेवणं. चार मुलांचं एक दुकान, भांडवल शाळेकडून किंवा समितीकडून, विक्रीनंतर ते परत. मग कुणाची आई आली नाही हे दिसत नाही आणि मुलांना भांडवल, उधारी, नफा हे शब्दही कळतात. 'पालक' या शब्दात आजी, मामा, थोरली बहीण हेही धरले, तर बरीच मुलं आपोआप आत येतात.

शहरातली गोष्ट वेगळी, पण तितकीच खरी. तिथे कृतीतून शिकणं म्हणजे 'प्रोजेक्ट'. रविवारी रात्री आठवण येते, स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलचं तयार मॉडेल मिळतं, आई गरम गोंदाने बोटं भाजून घेते आणि सोमवारी मूल ते उचलून शाळेत नेतं. हात कामाला लागले, पण ते मुलाचे नव्हते. मुलाने स्वतः केलेलं वाकडंतिकडं मॉडेल आणि दुकानातलं चकचकीत मॉडेल यांत शाळा कशाला शाबासकी देते, यावरून पालक पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवतात.

आणखी एक गोष्ट. मातांचे गट, माता मेळावे, लीडर माता. सगळी नावं आईची आहेत. घर, शेत आणि मजुरी सांभाळणाऱ्या बाईवर हे आणखी एक काम येतं. बाजाराचा हिशेब, ट्रॅक्टरच्या भाड्याचा हिशेब, दुधाच्या डेअरीची पावती हे ज्या घरांत वडील पाहतात, तिथे गणिताचं कार्ड त्यांच्याही हातात द्यायला काय हरकत आहे?

शिक्षकांची बाजूही पाहायला हवी. राज्यात दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. एकाच गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता, त्यात उपक्रमांचे अहवाल आणि फोटो अपलोड करण्याचं काम. बाजाराचा फोटो मागितला जातो, पण दुसऱ्या दिवशी वर्गात सोडवलेल्या हिशेबाचा कागद कुणी मागत नाही. जे मागितलं जातं, तेच होतं.

पालकांनी काय पाहावं?

पुढच्या वेळी तुमच्या मुलाच्या शाळेत बाजार भरला, तर या पाच गोष्टी पाहता येतील.

1. भाव कुणी ठरवला? मुलाने की तुम्ही?

2. पैसे कोण मोजतंय? मूल अडखळलं तर थोडं थांबा. मोठी नोट द्या आणि सुटे मागा. परत केलेले पैसे चुकले असतील तर "परत मोज बरं" एवढंच म्हणा.

3. दुकानावर हिशेबाचा कागद आहे का?

4. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या कागदाचं काय झालं? मुलाला घरी विचारा. नफा किती झाला आणि तो कसा काढला, हे त्याला सांगता आलं, तर बाजार कामी आला.

5. शाळा व्यवस्थापन समितीवर कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे का? सरकारी आणि अनुदानित शाळेत तुम्ही स्वतः त्या समितीवर जाऊ शकता. तिथे "पुढच्या वर्षी मेळावा मोठा करू" याऐवजी "तिसरीतल्या किती मुलांना वजाबाकी येते?" हा प्रश्न विचारता येतो. सरकारी शाळेत शाळा विकास आराखडा तयार करणं हे कायद्याने याच समितीचं काम आहे.

घरी करायचं असेल तर त्याहून सोपं आहे. किराणा आणायला मुलाला सोबत न्या आणि बिल त्याला आधी तोंडी सांगू द्या. घरी आल्यावर तेच बिल त्याच्याकडून वहीत उभ्या मांडणीत लिहून घ्या. त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात आणि त्यासाठी शाळेच्या मेळाव्याची वाट पाहावी लागत नाही.